राजाची धिंड

आसेगाव, मे १९७६

चि. देवमन, जयभीम.

कारंज्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत मला दिलेली खुर्ची डुगडुगत होती. एवढ्या मोठ्या बाजारपेठेत चारही पाय सारखे असलेली एक खुर्ची मिळू नये, याचा मी तीव्र निषेध करतो.

बाकी तक्रार किरकोळ आहे.

मी नेहमीप्रमाणे काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचाव खेळलो. त्यात एक भगदाड आहे. पांढऱ्याने राजापुढच्या प्याद्यावर घोडा कुर्बान केला, की काळा राजा उघड्यावर येतो. दोन उन्हाळे डोकं लावून ते आपण दोघांनीच शोधलं होतं. तिसऱ्या कोणाला ठाऊक नाही, या भरवशावर मी तो डाव बिनघोर खेळत आलो.

समोर पांढरे मोहरे घेऊन बसलेल्या वकीलसाहेबांनी तो घोडा क्षणभरही विचार न करता दिला. मग शहावर शह. माझा राजा हाकलला जात जात अख्खा पट ओलांडून त्यांच्याच हत्तीपाशी मेला. लोक टाळ्या वाजवत होते. मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू स्वतःच्या चपला पाहत होतास.

बाहेर मी विचारलं, "काहून सांगतलं गा त्यायले?"

"दादा, ते मले कोर्टात नोकरीले लावून देऊन राह्यले. खेळच तं होता."

खेळच होता, म्हणून तर तुला द्यायला जड गेलं नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. नव्या नोकरीत तुला टोमणे कशाला?

हरणाऱ्यानं पुढचा पट मांडायचा, हा आपल्या घरचा रिवाज. मला हरवलं ते तू, वकिलानं नव्हे. म्हणून आज पट मांडला. पांढरे मोहरे तुझ्या बाजूला ठेवलेत.

तुझा दादा,
दौलत