एक पान आडवं येतं

३ मार्च, सकाळी ७.४०
आजपासून रोज पाचला उठायचं. तसा पाचला उठलोच होतो, गजर बंद करायला. पण पहिल्याच दिवशी पक्ष्यांना दचकवू नये म्हणून परत झोपलो.

तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात मालाची तपासणी केली. या नजरेतून कधी एक चरा सुटला नाही. रिटायर झाल्यावर अशी नजर घरात गंजत पडायला नको, म्हणून कॅमेरा घेतला. घराजवळच्या सार्वजनिक बागेत वसंत आलाच आहे. एप्रिलमध्ये पक्षीमित्र क्लबचं प्रदर्शन आहे. मेहुण्याचा फोटो तिथे दोन वर्षं लागतोय, म्हणजे ते फार अवघड नसणार.

५ मार्च
बागेत दोन तास. फोटो २१४. फांद्यांचे १९०, आकाशाचे २३, पक्ष्याचा एक. तोही पाठमोरा. मेहुण्याला दाखवला, तर भावोजी हे नेमकं काय आहे, असं विचारायला लागला. जळतो.

९ मार्च
सासूबाई गेल्यापासून ही घरात असून नसल्यासारखी असते. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत बसायला सांगितलंय, म्हणून माझ्याबरोबर येते आणि बाकावर बसते. कॅमेरा नाही, दुर्बीण नाही. पक्षी कसे बघायचे ते मी तिला मधूनमधून समजावतो.

आज मी सगळी बाग पालथी घालून हात हलवत परत आलो, तर हिने माझं मनगट धरलं आणि मला कुंपणाच्या कोपऱ्यात नेलं. दाट पानांच्या आत, छातीएवढ्या उंचीवर, बुलबुलाचं घरटं. तीन अंडी. ही चक्क हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मलाही बरं वाटलं, का नाही वाटणार?

कोणाला सांगू नका आणि जवळ जाऊ नका, एवढंच म्हणाली. मी शब्द दिला. घरटं आम्ही दोघांनी शोधलं असं म्हणायला हरकत नाही.

१२ मार्च
शब्द म्हणजे शब्द. दहा पावलांवरून फोटो काढतो. पण घरट्याच्या बरोब्बर पुढे एक पान आडवं येतं. फोटोत बुलबुलाचा तुरा दिसतो, शेपटीखालचा लाल रंग दिसतो, आणि मधे नुसतं पान. आठ पावलांवरून पाहिलं, तरी पान. आठ म्हणजे काही जवळ नव्हे.

१७ मार्च
पिल्लं निघाली. तीनही. हिने कॅलेंडरवर खूण केली आणि आपल्या बहिणीला फोन करून अर्धा तास बोलली. जेवतानाही बोलत होती. आई कशी किडे आणते, बाप कसा पहारा देतो. मी मान डोलवत होतो, पण डोक्यात पान.

२० मार्च
क्लबची नियमावली वाचली. घरट्याजवळचं काहीही हलवू नये, असं आहे. हे नवशिक्यांसाठी असणार. मेहुण्याला आडून आडून विचारलं. तो म्हणाला की काही लोक समोरची पानं छाटतात, त्याला गार्डनिंग म्हणतात, आणि अशा लोकांना क्लबमधून हाकलतात. म्हणजे या पद्धतीला नाव आहे. ज्या गोष्टीला नाव असतं ती तज्ज्ञांची असते.

२१ मार्च, सकाळी ६.१५
हिला आज बरं नव्हतं, घरीच राहिली. दुधाच्या पिशव्या कापायची कात्री खिशातून नेली. एक पान काढलं. मग त्याच्या मागचं दिसायला लागलं. ते काढलं तर त्याची डहाळी विचित्र दिसायला लागली. एकंदर सहा डहाळ्या. सहा म्हणजे काहीच नाही, माळी रोज शंभर तोडतो. आता घरटं कसं स्वच्छ दिसतं. पिल्लांनाही ऊन मिळेल. हे खरं तर हिच्यासाठीच केलं. फोटो मोठा करून भिंतीवर लावू, म्हणजे तिला घरबसल्या बघता येईल.

२२ मार्च
कावळा.

सव्वासातला आला. मी कॅमेरा रोखून तयारच होतो. एक्केचाळीस फोटो. दोन्ही बुलबुल त्याच्यावर झेपा घेत होते, ओरडत होते. तीन खेपांत तीन पिल्लं. प्रकाश अप्रतिम होता.

निसर्ग क्रूर असतो, हे मी हिला घरी आल्यावर समजावलं. ती तडक बागेत गेली आणि तासाभराने आली. तिथे कुंपण कोणी छाटलं, असं विचारलं. मी म्हणालो, माळ्याने छाटलं असेल. ‘असेल’ म्हणालो. छाटलं असं म्हणालो नाही.

२५ मार्च
हिने बागेच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. कधी पोस्टकार्ड न लिहिणारी बाई, दोन पानं लिहिली. माळ्याने शपथेवर नाही म्हटलं म्हणे. त्याला गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या बागेत टाकलं. त्याचं घर इथे गेटासमोर आहे. बारा वर्षं होता. हा सर्वस्वी ऑफिसचा निर्णय आहे, त्यात मी पडणं बरं दिसणार नाही. तसाही तो मला बघून कधी नमस्कार करायचा नाही.

रात्री झोप लागली नाही. उशी बदलायला हवी.

२ एप्रिल
निवड झाली! क्लबच्या अध्यक्षबाईंचा स्वतःचा फोन. कावळ्याचा फोटो मुख्य भिंतीवर लावणार. केवढा मोठा हवा, असं विचारलं. मी म्हणालो, सगळ्यात मोठा. मेहुण्याचा फोटो जिन्याजवळ आहे.

हिला फोटोबद्दल अजून बोललो नाही. सरप्राइज.

१२ एप्रिल
प्रदर्शन. इस्त्रीचा शर्ट. हिला आग्रहाने नेलं.

फोटो दारापासूनच दिसत होता. एवढा मोठा झाल्यावर त्यात सगळंच दिसत होतं. घरटं, कावळ्याची चोच, चोचीतलं पिल्लू. आणि सहा डहाळ्यांची सहा तिरपी, पांढरी, ताजी टोकं, कात्रीने कापलेली. तीस वर्षं चरे शोधणाऱ्या माणसाला ती दिसली नव्हती. अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला, जवळ गेल्या, आणि ही टोकं कशाची, असं चारचौघांत विचारलं. मी माळ्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं. गार्डनिंगबद्दल मी ज्याला विचारलं होतं तो मेहुणा शेजारीच उभा होता. तो जमिनीकडे बघायला लागला.

दहा मिनिटांत फोटो उतरवला. भिंतीवर खिळा राहिला.

रिक्षात ही एकच वाक्य बोलली. “कावळा आला तेव्हा तुम्ही कॅमेरा खाली ठेवला होता का?”

कावळ्याला हाकलायला एक टाळी पुरली असती. मी म्हणालो की प्रकाश चांगला होता.

१४ एप्रिल
ही बागेच्या ऑफिसात जाऊन तक्रार मागे घेऊन आली. मग माळ्याच्या घरी गेली. मीही येतो म्हणालो, तर नको म्हणाली. ऑफिसने सांगितलंय की बदलीचा हुकूम आता फिरवता येणार नाही. माळी रोज दोन बस बदलून जातो. मी त्याला पत्र लिहायचं ठरवलंय. मजकूर मनात तयार आहे, फक्त सुरुवात जमत नाही.

२९ एप्रिल
पंधरा दिवस ही रोज सकाळी दोन बस बदलून त्या लांबच्या बागेत जाते. दुपारी परत येते. चेहरा उजळलेला असतो.

आज संध्याकाळी स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती. परत घरटं सापडलंय. माळ्याने दाखवलं. चार अंडी, गुलाबीसर, वर तांबूस ठिपके. आवाजात अगदी तेच हसू होतं. मी दारात गेलो. ती बोलता बोलता थांबली. बहिणीला म्हणाली, नंतर करते, आणि फोन ठेवला.

मी पाणी प्यायला आलोय असं दाखवून पाणी प्यायलो. तहान नव्हती. कुठल्या झाडावर, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतं, आणि ते बरोबरच झालं असतं.