शालीवरचा डाग

३ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. लग्नाची तारीख तीच, सतरा ऑक्टोबर. मास्तरांनी थीमही ठरवली: पानगळीतलं, जुन्या काळचं लग्न. तुमचा होणारा जावई शाळेत चित्रकला शिकवतो, त्याला कोण आवरणार! टाइपरायटरवरची आमंत्रणं, जाळीचे टेबलक्लॉथ, वाळक्या पानांच्या माळा आणि तपकिरी रिबिनींचे अकरा नमुने. मला अकराही सारखेच दिसतात. मास्तर विचारतात, मी बोट ठेवते, तो रंग ठरतो. चष्म्याच्या दुकानात, कामावरही तेच चाललंय. गिऱ्हाईक विचारतं कुठली फ्रेम शोभते, मी म्हणते दोन्ही.

आई जाऊन पाच महिने झाले आणि मला काहीच वाटत नाही, बाबा. दुःख नाही की लग्नाचा आनंद नाही. अशा माणसाने लग्न करावं का, असं सारखं मनात येतं. मास्तरांना अजून बोलले नाही.

एकच वस्तू हवीशी वाटते, आईची लग्नातली शाल. रजिस्टरवर सही करताना तिचं पेन गळलं आणि काठावर बटणाएवढा निळा डाग पडला, तीच. डाग वर दिसेल अशी ती पांघरून मी सही करणार आहे. पाठवाल ना?

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची भिंगरी


१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. माझी काळजी करू नकोस. लाँड्री रोज वेळेवर उघडतो, जेवतो, झोपतो. वाफेची नवी इस्त्री घेतली, ती बरी चालते. मास्तरांची कल्पना झकास आहे. जन्मभर लोक माझ्याकडे जुनं नव्यासारखं करून घ्यायला आले, आता हे नव्याचं जुनं करायला निघाले. माझ्या धंद्याच्या मुळावर उठलेत, म्हणावं!

टेबलक्लॉथ इथून पाठवतो, कडक इस्त्री करून. किती टेबलं ते कळव. बाकी, काही वाटत नाही म्हणतेस, ते होईल हळूहळू नीट.

मास्तरांना आशीर्वाद, तुला थोडे जास्त.
बाबा


२० ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

टेबलं किती ते कळवायच्या आत टेबलक्लॉथ आलेसुद्धा. शालीबद्दल मात्र तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. हरवली का? कुणाला दिली? असेल ते सांगून टाका, मला आता कशाचाच धक्का बसत नाही. रविवारी मास्तरांना सांगणार आहे की लग्न राहू दे.

तब्येतीला जपा.
भिंगरी


२६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

शाल सोबत पाठवतोय. तिच्यावर डाग नाही. मी काढला.

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी तिचं कपाट उघडलं. काय करावं सुचेना. हाताला एकच काम येतं, ते केलं. सगळे कपडे धुतले, इस्त्री केली, नंबराच्या चिठ्ठ्या टाचल्या, जणू संध्याकाळी कुणी न्यायला येणार. शेवटी शाल निघाली. त्या डागावरून आमची एकतीस वर्षं जुंपायची, तुला ठाऊकच आहे. डाग काढणाऱ्याची बायको डागाची शाल पांघरून हिंडते, माझी काय अब्रू राहिली, असं मी म्हणायचो. हात लावाल तर याद राखा, असं ती बजावायची. त्या दिवशी मी लावला. आधी दूध, मग स्पिरिट, मग पुन्हा दूध. दुपारपर्यंत डाग गेला. इतकं सफाईचं काम मी उभ्या जन्मात केलं नसेल. तिला दाखवायला म्हणून आतल्या खोलीत गेलो, पोरी.

तेव्हापासून मीही तुझ्यासारखाच झालोय. रडूही येत नाही. मी तुझा अपराधी आहे, पण त्यापायी लग्न मोडू नकोस.

तुझा,
बाबा


४ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पार्सल काल दुकानातच उघडलं. काठ चाचपला, दिव्याखाली धरला, भिंग लावून पाहिला. काही म्हणजे काही नाही! आणि बाबा, मला तुमचा असा राग आला की गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलले. मग जे रडू फुटलं ते थांबेचना. मालकांनी घाबरून मास्तरांना बोलावून घेतलं. ते आले आणि नुसते शेजारी बसून राहिले.

रविवारी माझं धाडस झालं नव्हतं, काल त्यांना सगळं सांगितलं. हवं तर वर्षभर थांबू, असं ते म्हणाले. मी नको म्हटलं. थांबायचं नाही मला, ते जवळ हवेत. तारीख तीच ठेवली. थीमचं काय करायचं ते मास्तर बघतील. शाल आहे तशीच पांघरेन.

राग अजून गेलेला नाही, जायला वेळ लागेल. पण तुम्ही दुकानाला कुलूप लावा आणि मिळेल त्या गाडीने निघा. तिथे एकटे इस्त्री फिरवत बसू नका. इथे या आणि रडा. मी शेजारी बसते.

लोभ असावा, असं शेवटी लिहायचं असतं. तो आहेच. तुम्ही या.

भिंगरी