दोन्ही ग्रंथी नॉर्मल

५ मे
हसा, हसा! मराठीत एम.ए. करून टायपिंग करते म्हणून हसा. पण शिरपूर सोडलं, जळगावच्या स्कॅन सेंटरमध्ये एसीत बसलेय. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. डॉक्टर मॅडम स्कॅन बघून रेकॉर्डरवर बोलतात, मी ऐकून रिपोर्ट टाइप करते. मशीनवाले तोतारामभाऊ म्हणाले, कोरं पान घ्यायचंच नाही. ‘किडन्या नॉर्मल, दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी नॉर्मल’ सगळं तयार असतं, मॅडम वेगळं बोलतील तेवढंच बदलायचं. म्हणजे सगळे आधीच बरे? तर म्हणे, ताई, इथं माणूस बराच येतो, तुम्ही टाइप करून आजारी पाडता!

९ मे
आज तेवीस रिपोर्ट. त्यात आक्काबाई, धुळ्याकडच्या. इथं लेकीकडे आल्या होत्या. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन धुळ्यात ठरलंय, म्हणून स्कॅन. मधूनच धडधडतं म्हणाल्या, घामाने लुगडं भिजतं, कारण नसताना भीती. आत जाताना माझा हात धरला. "पोरी, मना मांगे कोनी उभं शे का? देख बरं."
बघितलं. त्यांच्या मागे कुणी नव्हतं, भिंत होती.

१४ मे
मॅडमनी विचारलं, आक्काबाईंच्या हार्मोनच्या तपासण्या झाल्या? डाव्या किडनीच्या वर, पाठीकडे, अ‍ॅड्रिनल ग्रंथीत चार सेंटिमीटरची गाठ सापडली होती, खडे बघता बघता. अशा गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात. पण एखादी भीतीचं रसायन रक्तात सोडते. चोवीस तासांची लघवी तपासल्याशिवाय भूल दिली तर बीपी उसळून जीव जातो. रिपोर्टमध्ये लिहिलंय ना?
हो म्हटलं.
मग फाइल उघडली. ‘दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी नॉर्मल.’

१५ मे
रेकॉर्डिंग ऐकलं. गाठ. स्पष्ट बोलल्यात. मीच—
सांगितलं नाही. नोकरी दहा दिवसांची. दुपारी एकदम घाम, धडधड. मागे कुणीतरी—
भिंतच.

१६ मे
सांगितलं. मॅडमनी आक्काबाईंच्या लेकीला फोन लावला. ती म्हणाली, ऑपरेशन आजच, अकराला. हॉस्पिटल फोन उचलत नाही. मुलगा पितांबर, त्याचा बंद.
बसमध्ये. एरंडोल.
पारोळा. फोन अजून कुणी उचलत नाही—
धुळे, हॉस्पिटल. नाव पुकारलं तर पितांबर बाकावरून उठला. म्हणतो, आत्ताच नेली, हसत गेली. त्यानेच तिला रिपोर्ट वाचून दाखवला, "आई, मांगे कोनीच नही शे."
आतून ओरडताहेत. बीपी किती? किती?
आता हसू नका कुणी, मी दार उघडते—