शिंप्याच्या बोक्याची साखर

ती. ताईस,

धाकट्याचा, कंबर देईल तेवढा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मुलाने आणलेल्या मऊ चपला घालतेस, की अजून कपाटात शोभेला ठेवल्या आहेस? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे ही ठीक आहे, आणि मी ठीक आहे असं मी हिला सांगत असतो. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. त्याचं कारण असं, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी नुसतं ‘ताई, आमच्या बॉबिनला’ एवढं म्हणालो असतो, तर पुढचं वाक्य तूच पूर्ण करून, त्यावर उपाय सांगून, वर मला दोन शब्द सुनावून फोन ठेवला असतास. पस्तीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढल्यावर पेशंटचं ऐकून घ्यायची सवय सुटते, त्याला तुझाही इलाज नाही. पत्राला मात्र मध्येच तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, नीट बैस आणि शेवटपर्यंत वाच.

तर, बॉबिनला मधुमेह झालाय.

हसू नकोस. बॉबिन म्हणजे आमचा बोका. मागच्या खेपेला तुझ्या उघड्या बॅगेत घड्या घातलेल्या कपड्यांवर जो झोपला होता तोच. (त्यानंतर ‘हा बोका आहे तोवर या घरात पाऊल टाकणार नाही’ असं तू म्हणाली होतीस. ते मी मनावर घेतलेलं नाही, तूही घेऊ नकोस.) सुरुवात झाली ती पाण्यावरून. दुकानात इस्त्रीशेजारी कपड्यावर शिंपडायला मी पाण्याचं पसरट भांडं ठेवतो, ते तुला माहीत आहे. महिनाभर ते भांडं दुपारपर्यंत कोरडं पडायला लागलं. आधी मी उन्हाळ्याला बोल लावला, मग भांड्याला भोक पडलं म्हणालो, मग हिला म्हणालो की तूच भरायला विसरतेस (त्या दिवशी चहा बिनसाखरेचा आला, तो काही तब्येतीच्या कारणाने नव्हे). एक दिवस पाहतो तर बॉबिन भांड्यात तोंड घालून, जणू कुठल्या लांबच्या प्रवासाला निघायचंय असं पाणी पीत बसलेला. पाणी जेवढं आत, तेवढंच बाहेर, ते कुठे कुठे ते मी पत्रात लिहीत नाही. खायचंही दोघांचं, तरी अंगाने मात्र उतरत चाललेला. तुला हसू येईल, पण माझ्या मापाच्या वहीत त्याचंही पान आहे, वकीलसाहेबांच्या कोटाच्या खालीच. दर सहा महिन्यांनी मी हौसेने त्याचा घेर मोजतो. तो एकोणीस इंचांवरून सोळावर आला होता. एवढ्या वर्षांत माझी गिऱ्हाइकं फुगतानाच पाहिली, आटताना क्वचित. तरी मी म्हटलं, वय झालं असेल. मग एका सकाळी त्याने कापायच्या टेबलावर उडी मारायला मान वर केली, अंदाज घेतला, मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून दोन पावलं मागे आला, आणि शेवटी टेबलाखाली जाऊन असा बसला की जणू त्याला तिथेच बसायचं होतं. तेव्हा मी कात्री खाली ठेवली आणि त्याची टोपली शोधायला लागलो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हळू बोलतात, आणि बोक्याशी माझ्यापेक्षा अदबीने वागतात. त्यांनी त्याच्या कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त घेतलं आणि आकडा सांगितला, चारशे ऐंशी. (तुला आकड्यावरून कळेल. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.) त्या म्हणाल्या, दिवसातून दोनदा इन्सुलिन, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, खाणं झाल्यावर, दोन दोन युनिट. कधी कधी काही महिन्यांनी मांजरांची साखर आपोआप ताळ्यावर येते आणि इन्सुलिन सुटतंही, पण तोवर एकही वेळ चुकता कामा नये. आणि नाही दिलं तर, असं हिने विचारलं. काही आठवडे, असं त्या म्हणाल्या आणि टेबल पुसायला लागल्या. मग त्यांनी मला विचारलं, काका, टोचायला जमेल ना, काही लोकांना सुईची भीती वाटते. ताई, मी मोठ्याने हसलो. चाळीस वर्षं सुई हातात घेऊन पोट भरलेल्या माणसाला हा प्रश्न. मी त्यांना सुयांचे नंबर सांगितले, काजं कशी करतात ते सांगितलं, हिने दोनदा कोपर मारलं तरी सांगत राहिलो.

घरी आल्यावर सराव करायचा होता. तुम्ही सिस्टर लोक संत्र्यावर करता म्हणे. मी हाताशी होतं त्या खांद्याच्या पॅडवर केला, साधं पाणी भरून, वीस-पंचवीस वेळा. फार सुरेख जमलं. ते पॅड वकीलसाहेबांच्या कोटात आधीच टाचलेलं होतं, हे मात्र ते ट्रायलला येऊन उजवा खांदा चाचपायला लागले तेव्हा लक्षात आलं. मी म्हटलं, कापड आटवून घेतोय.

मग सुरू झालं सात आणि सात. फ्रिजच्या दारातली लोण्याची जागा बॉबिनच्या बाटलीने घेतली. (लोणी आता भाज्यांच्या कप्प्यात असतं आणि हिरवट लागतं.) साखर एकदम उतरली तर हिरड्यांना चोळायला म्हणून मधाची बाटली आणली. मधुमेहाच्या पेशंटसाठी घरात मध आणावा लागतो, ही गोष्ट मी अजून तीन जणांना सांगितली आहे, कोणी विश्वास ठेवला नाही. आम्ही कुठे जात नाही, गेलो तर सहाला उठतो. हिच्या भावाकडे जेवायला बोलावलं होतं तिथून आम्ही पानं मांडायच्या आधी निघालो, घरी पेशंट आहे म्हणून. सगळे गंभीर झाले. कसं आहे आता, असं विचारलं. ही म्हणाली, खातात, चार पावलं चालतात, पण उडी मारवत नाही. कोण आजारी आहे ते कोणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

आता मुख्य भाग. आठ दिवस मी स्वतः, माझ्या हाताने, सकाळ-संध्याकाळ टोचलं. मानेमागची कातडी चिमटीत वर उचलायची, तिची छोटी राहुटी होते, तिच्यात सुई घालायची आणि दट्ट्या दाबायचा. बॉबिन हूं की चूं करायचा नाही. मी हिला म्हणायचो, हात बघ, हात. आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त घेतलं तर आकडा चारशे नव्वद. म्हणजे दहा वरच. त्या चक्रावल्या. चोरून कोणी काही खायला घालतंय का, असं त्यांनी विचारलं. मी हिच्याकडे पाहिलं, हिने माझ्याकडे पाहिलं. मग दोन दिवस आमच्या घरात हेरगिरी चालली होती. मी दुधाची पातेली मोजत होतो आणि ही माझ्या शर्टाच्या खिशातले बिस्किटांचे तुकडे. (ते माझ्यासाठीच होते. एखादा तुकडा खाली पडला असेल तर मला माहीत नाही.) फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापासून दोनाऐवजी चार युनिट देऊन बघू.

त्याच संध्याकाळी ही बॉबिनला मांडीवर घेऊन बसली होती. एकदम त्याच्या मानेमागे नाक लावून म्हणाली, याला तुमच्या ताईंचा वास येतोय. मी म्हटलं, काय बोलतेस. ती म्हणाली, ताई ड्युटीवरून घरी यायच्या तेव्हा यायचा तो दवाखान्याचा वास, आणि इथले केस बघा, ओले आहेत. दुसऱ्या सकाळी खाणं झालेलं पोर टोपलीत घालून आम्ही दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्यासमोर टोचा. मी टोचलं. त्यांनी माझा हात तसाच धरला, केस बाजूला केले आणि दाखवलं. सुई राहुटीच्या एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर आली होती आणि टोकाशी थेंब लटकत होता. काका, तुम्ही टाका घातलात, असं त्या म्हणाल्या.

ताई, चाळीस वर्षांचा हात आहे. कापड चिमटीत धरलं की सुई पलीकडे निघालीच पाहिजे, नाहीतर तो टाका कसला. आठ-दहा दिवस मी त्या मुक्या जिवाला रोज दोनदा टाचत होतो आणि औषध त्याच्या केसांना पाजत होतो. आणि तो निमूट बसत होता. हे सगळं ठीक, हसण्यावारी नेता येईल. पण त्या पुढे हळूच म्हणाल्या, आजपासून चार युनिट भरून दिले असते आणि एखाद्या वेळी सुई चुकून बरोबर बसली असती, तर मध चोळायलाही वेळ मिळाला नसता. मी टोपली मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि हिने आग्रहही केला नाही.

तेव्हापासून कामाची वाटणी बदलली आहे. मी बॉबिनला धरतो आणि ही सिरिंज भरून टोचते. तुला म्हणून सांगतो, यात धरणं हेच खरं कौशल्याचं काम. टोचणं कोणीही करेल. तीन आठवडे झाले, आकडा दोनशेच्या आत आलाय, पाण्याचं भांडं संध्याकाळपर्यंत पुरतं, घेर साडेसोळा. आणि परवा मी वकीलसाहेबांच्या पँटचे तुकडे मांडून खडूने रेघा मारत होतो, तेवढ्यात तो जमिनीवरून थेट टेबलावर आला आणि बरोबर त्या तुकड्यांवर बसला. मी त्याला उठवलं नाही. पँट सोमवारी देतो असं कळवून टाकलं आणि दुसरं काम काढलं. माझे डोळे जरा भरून आले होते, त्यामुळे तसंही कापता आलं नसतं.

तर एवढी हकिगत. एकूण आमचं उत्तम चाललंय, कोणाची गरज नाही, तू काळजी करू नकोस. घरात जे माझी आठवण काढतात त्यांना माझा नमस्कार सांग, जे काढत नाहीत त्यांना दोनदा सांग.

तुझा,
भाऊ

ता. क. गरज नाही असं वर म्हटलं खरं, पण पंधरा दिवस येऊन जाशील का? हिची टोचण्याची पद्धत एकदा तुझ्यासारख्या जाणत्या बाईच्या नजरेखालून गेलेली बरी. तुझी बॅग आम्ही माळ्यावर ठेवू. तेवढ्या उंच त्याला अजून जमत नाही.

दुसरा ता. क. वरचं कारण खरं नाही. ताई, शिंप्याच्या हाताचं मी जे लिहिलं, डॉक्टरीणबाईंनाही जे सांगितलं, तेही खरं नाही. हात मला अजून ऐकतो. मला सुई दिसतच नव्हती. ती पलीकडे निघाली हे मला दिसलं नाही, एवढंच झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. ऑपरेशन म्हणे माणूस जागा असताना करतात, म्हणून मी तो कागद मापाच्या वहीत घालून गप्प बसलो. पण त्या सिरिंजवरच्या रेघा फार बारीक असतात, ताई. त्या दिवसांत मी दोन युनिट भरत होतो की सहा, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. सुई आरपार जात होती म्हणूनच तो वाचला असेल, असं सारखं मनात येतं. आता ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलंय. पंधरा दिवस वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, म्हणजे बॉबिनला धरणारं कोणी नाही, आणि ही एकटी त्याला धरून टोचू शकत नाही. हे एक. आणि दुसरं असं, की मला भीती वाटते. तू शेजारी उभी राहिलीस तर मी टेबलावर पडून राहीन. हिला यातलं काही माहीत नाही, कळवू नकोस.

वन्सं, नमस्कार. पाकिटाची कड सापडेना म्हणून चिकटवायला त्यांनी माझ्याकडेच दिलं. सगळं वाचलं. त्यांच्या डोळ्यांचं मला वर्षभर माहीत आहे, कागद मापाच्या वहीत सापडला होता. ऑपरेशनची तारीखही मी घेऊन ठेवली आहे, बारा तारीख, आधी उजवा डोळा. त्यांना कसं सांगावं तेच सुचत नव्हतं, आता तुम्ही आलात की तुमच्या तोंडूनच निघू दे. दहा तारखेलाच या. आणि ते सारखं मनाला लावून घेतात म्हणून एवढं मात्र त्यांना समजावून सांगा. सिरिंजमध्ये रोज दोनच युनिट असायचे. त्यांनी भरली की मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते.