मिठागरातल्या गाण्याचा सूड

१४ फेब्रुवारी २००७
गव्हाणच्या मिठागरात शूटिंग. अख्खं गाणं नुसत्या पाण्यातल्या प्रतिबिंबावर घेतलं. आता चित्र उलटं करायचं, म्हणजे माणसं उभी दिसतील, पण पाण्यासारखी हलतील. दोन वर्षं डोक्यात होतं हे. जनामावशी बांधावर उभ्या राहून गायल्या. पनवेलच्या बाजारात मासळी विकतात, पण आवाज असा की... ‘बाय, मना उलटी दाकवशील काय?’ म्हटलं, सुलट्याच दिसाल. शिरीष सर गाडीतच बसून. सहा वर्षं त्यांच्या स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटी जोडतेय, आज पहिल्यांदा म्हणाले, ‘वैशाली, कर तुला हवं तसं.’

३ एप्रिल
सीडी आली. संकल्पना, दिग्दर्शन: शिरीष सर. माझं नाव कुठेच नाही. विचारलं. ‘अगं, तुला कोण ओळखतं? सीडी नावावर खपते.’ रिक्षाने विचुंब्याला घरी. आईने ताट वाढलं. जेवले नाही.

२० मे
ज्या त्या हळदीत तेच गाणं. केबलवर शि.ची मुलाखत. ‘ही कल्पना मला स्वप्नात दिसली.’ स्वप्नात! बाबा म्हणाले, ‘सोडून दे, मोठ्या माणसाशी वैर नको.’ बाबांनी ऑफिसात आयुष्यभर सोडूनच दिलं. मी नोकरी सोडली, एवढंच सोडणार. या माणसाला संपवायचं. कसं ते...

११ जानेवारी २००८
सुचलं. शि.चं सगळं दुकान जनामावशींच्या आवाजावर चालतं. तो आवाजच काढून घ्यायचा. गव्हाणला जाऊन कागदावर सही घेतली: पाच वर्षं फक्त माझ्यासाठी गायचं. मी सिनेमा करणार, त्यात गाणं तुमचंच, असं सांगितलं. सिनेमाचा अजून पत्ता नाही. कागद वाचून दाखवू का, विचारलं. ‘तू सांगतीस त वाचायचा कशाला?’ निघताना सुकी करंदी, ती बारीक कोळंबी, बांधून दिली.

७ नोव्हेंबर २००९
माझं तराजूवालं गाणं गाजतंय. कॅमेरा मासळीच्या पारड्यात ठेवला होता. पारडं खाली-वर होईल तसा बाजार, मावशींचा चेहरा, आभाळ. दिवसभर फोन. शि.ने दुसरी गायिका घेऊन काढलेली सीडी पडली. स्टुडिओला कुलूप लागलं. मुद्दाम तिथून दोनदा चालत गेले. दुसऱ्यांदा थांबून बघितलं. बरं वाटलं. खूपच.

३ डिसेंबर २०११
माझा सिनेमा पनवेलला लागला. जनामावशी नवं लुगडं नेसून, सगळं घर घेऊन आल्या. गाणं त्यांचंच, पण आवाज दुसरीचा. निर्मात्याला नावाजलेली गायिका हवी होती. मी हो म्हटलं होतं. त्यांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलंच नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘बाय, गाना माजा हाय. मंग ही कोन गातंय?’ मी काहीतरी बोलले. सुना-नातवंडं बघत होती.

१९ जानेवारी २०१२
मावशी घरी आल्या. शि.ने गायला बोलावलंय त्यांना, राहत्या घरातच रेकॉर्डिंग करतो म्हणे आता. ‘कागद फाड, बाय. चार वर्सात दोन गानी गायली मी. तुमच्या भांडनात माजा गला म्हातारा जाला.’ म्हटलं, अजून वर्ष आहे. त्या माणसासाठी मी काही करणार नाही. ‘त्याच्यासाठी कोन बोलतंय? मी माज्यासाठी बोलतंय.’ आई स्वयंपाकघरातून ऐकत होती.
फाडला नाही.

२६ जानेवारी
शि. स्वतः आले. केस पांढरे, जिना चढून धाप लागलेली. लिहूनच आणलं होतं. मिठागरातल्या गाण्याची कल्पना आणि दिग्दर्शन वैशालीचं, मी ते माझं म्हणून खपवलं. खाली सही. ‘पेपरात दे. माझी अब्रू काढ. पण बाईंना गाऊ दे.’
पाच वर्षं हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि आत काहीच हललं नाही. म्हणून पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. आईसमोर. वाचताना पुनःपुन्हा माझ्याकडे बघत होते. आई उठून आत गेली.
म्हटलं, विचार करून कळवते. जाताना दारात वळून म्हणाले, ‘लवकर कळव. आवाज थांबत नाही गं कुणासाठी.’
हे मला कळत नाही असं नाही. मावशी त्या दिवशी बोलतानासुद्धा खोकत होत्या. पण आज त्या माणसाच्या तोंडावर जी भीती बघितली, ती मला अजून थोडे दिवस हवी आहे. किती दिवस, ते...