दवबिंदूला लाल्या

रविवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय. माळावरून किडे खाणाऱ्या दवबिंदूची दोन रोपं आणली, एक लाल, एक हिरवं. दोन जाती की एकच? महिनाभर भिंगातून पानांवरचे चिकट केस बघतेय, ठरतच नाही. आणि मी परगावी असताना आईनं उन्हातली लाल रोपाची कुंडी उचलून सावलीतल्या हिरव्याशेजारी ठेवली, लाल पानंही खुडली! का, तर "लाल्या पडला व्हता."

अगं, लाल्या हा कपाशीचा रोग! हे मुळातच लाल होतं... होतं ना?

आता नवी पानं हिरवीगार. आई खूश. "कसं बरं केलं! वळख बरं, लाल कोणतं व्हतं?"

भिंग घेऊन बसले. ओळखता आलं नाही.