रंगाऱ्याच्या गाडीचा नंबर

प्रिय ताई,

सोमवार, १८ नोव्हेंबर. दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं. पेट्रोल पंपाच्या मागे, हवा भरायच्या यंत्राशेजारी, तेलाच्या उपड्या डब्यावर बसलोय. मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर हा कागद. माझी पाळी एकला सुरू होते. डबा उघडला होता, पण पहिलाच घास तोंडात फिरत राहिला, म्हणून झाकण लावून टाकलं. फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मी गप्प झालो असतो. आपलं नेहमी असंच होतं. कागदावर निदान तुला मला मध्येच तोडता येणार नाही. शुद्धलेखन तपासलं आहे. नववीत शाळा सोडली तरी तू घालून दिलेली ती सवय सुटलेली नाही.

ताई, मला फार भीती वाटते. तुला वाटेल, यात नवीन काय, हा लहानपणी बादलीतल्या स्वतःच्या सावलीलाही घाबरायचा. पण ही भीती वेगळी आहे. तुला माहीत आहे, पोलिसांच्या गस्तीच्या सगळ्या गाड्या आमच्याच पंपावर भरतात. पूर्वी ती गाडी वळताना दिसली की मला बरं वाटायचं. भाऊजी असतील, काच खाली करून ‘काय फूटपट्टी, आज थेंबभर जास्त सांडलास की नाही?’ असं ओरडतील, म्हणून मी पुढे धावायचो. आता ती गाडी वळली की मी दुसऱ्या नळीकडे सरकतो. भाऊजींना गाडीवरून उतरवून ठाण्यात टेबलाच्या कामावर बसवलंय, म्हणून दुसरे दोघं येतात. ते शिव्या देत नाहीत, दमही देत नाहीत. शुक्रवारी त्यांच्यातला जाडा उतरला, माझ्या अगदी बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “तुला म्हणे लांबून नंबर वाचता येतात. चांगली नजर आहे. जप हो.” दुसरा गाडीतूनच म्हणाला, “अरे, मेहुणा आहे तो आपल्या साहेबांचा. घरचाच माणूस.” दोघंही हसले. त्यांच्याकडे बघता बघता माझ्या हातातली नळी टाकीतून निसटली आणि पेट्रोल माझ्या बुटावर सांडलं. जाड्याने खिशातून रुमाल काढला, तो मला दिला आणि निघून गेला. तो रुमाल अजून माझ्याकडे आहे. परत द्यायची हिंमत होत नाही आणि टाकून द्यायचीही होत नाही.

अपघाताच्या दिवसाचं मी तुला अर्धवटच सांगितलं होतं. तूही अर्धवटच विचारलंस. आता सगळं सांगतो. दुपारचे चार वाजले असतील. रंगारी आला. तोच, गेल्या वर्षी आमच्या पंपाचा बोर्ड रंगवून गेला होता तो. गाडी राखाडी आणि एक दार लाल. ती गाडी अख्ख्या गावात कुणी विसरणार नाही. टाकी भरून घेतली, एकोणीसशे चाळीस झाले. पाकीट शोधायला गाडीत बसला आणि पैसे न देताच निघून गेला. आमच्याकडे असं कुणी पळालं तर पैसे ज्याच्या पाळीत गेले त्याच्या पगारातून कापतात. मालकांनी तशी पाटीच लावली आहे. नियम असा आहे की पोलिसांच्या ठरलेल्या नंबरला फोन करायचा. तिथे बोललेलं सगळं आपोआप नोंदलं जातं. पण मी तो नंबर लावलाच नाही. घरचा माणूस पोलिसात असताना तिथे फोन उचलणाऱ्या परक्या बाईला ‘माझं नाव, माझा पत्ता’ कोण सांगत बसेल? मी सरळ भाऊजींच्या मोबाइलवर फोन केला.

मी त्यांना सांगितलं की रंगारी पळाला, आपल्या बोर्डवाला, बाजारामागे शिंप्याच्या वर राहतो तो. गाडीचा नंबरही सांगितला, एकेक आकडा सुटा करून, दोनदा. भाऊजींनी तो मला परत म्हणून दाखवला. बरोबर म्हणून दाखवला, ताई. मला वाटलं, आता संध्याकाळी जाऊन त्याची मानगूट धरतील, पैसे आणतील आणि रात्री तुझ्याकडे जेवताना यावर माझी थट्टा करतील. पण तेवढ्यात ते म्हणाले, “अरे, हा बघ, समोरूनच चालला! थांब, तुझा पगार वाचवतो.” फोन चालूच होता. मला भोंगा ऐकू आला, आधी फोनमधून आणि मग खरा, चौकाच्या बाजूने. मी हातात फोन धरून तसाच उभा राहिलो. मागच्या गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तरी मला हलता येईना. मी ‘राहू द्या भाऊजी’ म्हणायला तोंड उघडलं होतं. तोपर्यंत फोन बंद झाला होता.

पुढचं तू पेपरात वाचलंसच. बाजाराच्या वळणावर रंगाऱ्याची गाडी फुटपाथवर चढली आणि चाव्या करणाऱ्या बाईंची टपरी घेऊन भिंतीवर आपटली. बाई टपरीत होत्या. भाऊजींच्या गाडीला खरचटलंसुद्धा नाही. सगळे तेच म्हणतात, आमच्या गाडीने कुणाला हातही लावला नाही. खरं आहे. पण रंगारी पेट्रोल चोरून पंपावरून निघाला तेव्हा चौकापर्यंत साधाच चालला होता, सिग्नलला थांबलाही होता. मी बघत होतो. भोंगा वाजला आणि मग तो तसा सुटला. पेट्रोल चोरणं हा त्याचा गुन्हा, गाडी वेडीवाकडी हाकणं हाही त्याचाच. मी त्याला सोडवायला निघालेलो नाही. पण त्याच्या मागे लागणं हा त्याचा गुन्हा नव्हता.

मी बाईंना भेटायला दवाखान्यात गेलो होतो, तीन वेळा. पहिल्या दोन्ही वेळा दारातूनच परत आलो. तिसऱ्यांदा त्यांच्या मुलीने हाक मारली, तिला वाटलं मी औषधवाला. बाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला आहे. मी पंपावर काम करतो, एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “बस की. उभा राहून काय माझी उंची मोजतोस?” आणि स्वतःच हसल्या. त्यांचं बोलणं तसंच आहे. मुलीला म्हणाल्या, “याला खुर्ची दे, नाहीतर हाच पडेल आणि शेजारची खाट घेईल.” मग जरा वेळाने मला म्हणाल्या, “तू पंपावरचा ना, मग सांग मला. हा रंगारी गावातलाच. मी त्याच्या घराची चावी करून दिलीय. त्याला रात्री घरी जाऊन पकडता आलं नसतं का रे? की तो कोण, हेच पोलिसांना ठाऊक नव्हतं?” मी म्हणालो, मला माहीत नाही. ताई, इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो, आणि ते किती पटकन आलं याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, “नसेल ठाऊक. नाहीतर कशाला कोण मागे लागेल?”

मग या अपघाताची चौकशी करणाऱ्या अधिकारी बाईंची मला नोटीस आली. भाऊजींच्या मोबाइलवर त्या वेळेला माझा फोन गेला होता, हे त्यांना दिसलं होतं. काय बोललो, ते कुठेच नोंदलेलं नव्हतं. ते फक्त मला आणि भाऊजींना माहीत. भाऊजींनी लिहून दिलंय की पळणारा कोण ते माहीत नव्हतं, नंबर मिळाला नव्हता, म्हणून पाठलाग करावा लागला. त्यांच्या नियमात तसंच आहे म्हणे. माणूस ओळखीचा असेल आणि गुन्हा किरकोळ असेल तर भरल्या रस्त्यात मागे लागायचं नाही, नंतर घरी जाऊन उचलायचा. नियम मोडला असं ठरलं तर बाईंचा सगळा खर्च सरकारने द्यायचा. नाहीतर सगळं रंगाऱ्यावर. ज्याच्याकडे पेट्रोलचे पैसे नव्हते तो पायाचे कुठून देणार?

नोटीस आल्यानंतरच्या रविवारी तुझा फोन आला. तू म्हणालीस, “तू एवढंच सांग, गडबडीत नंबर बघितला नाही. यात कुणाचं काय जातंय? पाय काय परत येणार आहे?” मग म्हणालीस, “माझं घर तुझ्या हातात आहे रे.” तू मला वाढवलंस, आई गेल्यावर स्वतःचं शिक्षण सोडून माझ्या मागे उभी राहिलीस, यातलं एक अक्षरही तू काढलं नाहीस. काढलं असतंस तर मला जरा रागावता तरी आलं असतं.

आणि मंगळवारी भाऊजी आले. हे त्यांनी तुला सांगितलं का, मला माहीत नाही. साध्या कपड्यांत होते. मोटारसायकल लांब उभी करून चालत आले आणि मी आत्ता बसलोय तिथेच बसले. मी उभाच. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते बराच वेळ हवेच्या नळीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, “फूटपट्टी, खरं सांगू? तू नंबर दिलास, पत्ता दिलास, सगळं मला कळलं होतं. पण तो समोर दिसला आणि गाडी हाताखाली होती. डोकं बंदच पडलं. त्या वेळी मला मजा येत होती रे.” मजा हा शब्द बोलून ते स्वतःच दचकले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. हात बराच वेळ तिथेच होता. त्यात माया होती की धमकी, हे मला अजून कळलेलं नाही. जाताना फक्त म्हणाले, “आता तू आणि तुझी ताई बघून घ्या.” त्या दिवसापासून मी खोलीचं दार लावून त्याला खुर्ची टेकवून झोपतो. भाऊजींच्या भीतीने, ताई. ज्यांनी मला सायकल शिकवली त्यांच्या भीतीने.

माझ्या जबाबावरची नोटीस उद्या तुमच्या घरी येईल, म्हणून हे पत्र आज हातोहात पाठवतोय. आमच्याकडचा भाजीचा टेंपो तुमच्या गल्लीत जातो, तो देईल. कुणा शिपायाच्या हातातल्या कागदावरून तुला हे कळू नये. आज सकाळी दहा वाजता मी जबाब देऊन आलो. नंबर सांगितला, रंगारी कोण, कुठे राहतो हे फोनवर कळवलं होतं हे सांगितलं, भाऊजींनी नंबर परत म्हणून दाखवला हेही सांगितलं. चौकशीच्या बाईंनी विचारलं, मग ते मागे का लागले? मी म्हणालो, माझा पगार वाचवायला. त्या म्हणाल्या, म्हणजे तुमच्यासाठी? मी हो म्हणालो. तेही लिहून घ्या म्हणालो, कारण ते वगळलं असतं तर सगळं भाऊजींवरच गेलं असतं आणि तेही खरं नव्हतं. पहिली सही मलाच ओळखू येईना, म्हणून दोनदा करावी लागली. आता भाऊजी निलंबित होतील आणि चौकशी संपेपर्यंत अर्धाच पगार येईल. म्हणून माझा हिशेब मांडतो. पेट्रोलचे एकोणीसशे चाळीस या महिन्याच्या पगारातून गेले, ते फिटले. पुढच्या महिन्यापासून खोलीचं भाडं आणि जेवण जाऊन माझ्याकडे सहा हजार दोनशे उरतात. त्यातले दोन हजार बाईंच्या मुलीकडे, सरकारचे पैसे हातात पडेपर्यंत. दोनशे मला. चार हजार तुला, दर महिन्याच्या सात तारखेला. तू परत पाठवशील, हे मला माहीत आहे. पुढच्या सातला मी पुन्हा पाठवीन.

तुझाच,
धाकटा